गव्हाच्या रुपयांनी घेतलेली मराठी पुस्तकं

शिकागो किंवा बर्कलीसारख्या अमेरिकन विद्यापीठाच्या ग्रंथालयात साठच्या दशकात छापलेलं एखादं मराठी पुस्तक शोधून पाहावं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणात मराठीच्या वाट्याला 'पीके' ही अक्षरं आणि २३५१ ते २४१८ हे आकडे आले आहेत. त्यामुळे व्याकरणं, कादंबऱ्या, कवितासंग्रह अशी सगळी मंडळी शेजारी शेजारी बसलेली सापडतात. त्यांतल्या पुष्कळ पुस्तकांच्या जुन्या सूचिपत्रावर एक बारीक ओळ असते: 'पीएल ४८०', त्यापुढे देशाचं आद्याक्षर, भाषेचं आद्याक्षर आणि एक अनुक्रमांक. यातला ४८० हा आकडा अमेरिकेच्या एका कायद्याचा, आणि त्या कायद्याचा विषय गहू.

सत्तरी ओलांडलेल्या कुणाही मराठी माणसासमोर 'पीएल फोर-एटी' म्हणा, त्याला रेशनच्या रांगा आणि पोळी लाटू न देणारा लाल गहू आठवेल. त्याच गव्हाच्या पैशांनी मराठी पुस्तकं पेट्या भरभरून समुद्रापार गेली, हे मात्र फारसं कुणाच्या गावी नसतं. गहू इकडे आला आणि पुस्तकं तिकडे गेली, ती कशी? हे समजायला आधी युद्धानंतर बेवारशी पडलेल्या ट्रकांपाशी जावं लागतं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सैन्याचं सामान जगभर विखुरलेलं होतं. ट्रक, जीप, बुलडोझर, तंबू, खाटा, औषधं, डबाबंद अन्न. ते घरी न्यायचं तर जहाजाचं भाडंच सामानाच्या किमतीवर जाणार. विकायचं तर ज्या देशांत ते पडलं होतं त्यांच्याकडे डॉलर नव्हते. तेव्हा ते त्या त्या देशाच्या चलनात किंवा उधारीवर विकणं भाग होतं. पण त्या काळी यांतली बहुतेक चलनं देशाबाहेर कवडीमोल होती. म्हणजे पैसा अमेरिकेचा, पण नेता येत नाही. गावच्या पतपेढीत अडकलेल्या ठेवीसारखी गत: आकडा वहीत दिसतो, हातात काही पडत नाही.

इथे जे. विल्यम फुलब्राइट हे आर्कान्सा राज्यातून नुकतेच सिनेटवर आलेले गृहस्थ पुढे आले. वय चाळीस. तरुणपणी ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले, पुढे आपल्या राज्याच्या विद्यापीठाचे अध्यक्ष झालेले. सप्टेंबर १९४५ मध्ये त्यांनी एक छोटंसं विधेयक मांडलं. उरलेल्या युद्धसामानाच्या विक्रीबद्दलच्या १९४४ च्या कायद्यात दुरुस्ती, एवढंच त्याचं दिसायचं रूप. आत मजकूर असा, की परदेशांत अडकलेला हा पैसा तिथेच विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करावा. एका देशासाठी जास्तीत जास्त २ कोटी डॉलर, आणि वर्षाला १० लाखांहून अधिक नाही.

फुलब्राइट यांचं खरं कसब मजकुरात नव्हतं, गप्प बसण्यात होतं. त्यांनी ना भाषणं केली, ना गाजावाजा. करदात्याच्या खिशाला हात लागत नाही म्हटल्यावर कुणी फारसं विचारलंही नाही, आणि विधेयक चर्चेविना निघालं. १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली. हे नेमकं काय आहे ते कळलं असतं तर आपण ते तिथल्या तिथे गाडलं असतं, असं एका ज्येष्ठ सिनेटरने नंतर खुद्द फुलब्राइट यांना सुनावलं. पोरं परदेशी जाऊन भलतेसलते विचार घेऊन येतील, ही त्यांची धास्ती. ती अगदीच खोटी ठरली नाही म्हणा!

अडकलेल्या किंवा नकोशा झालेल्या पैशातून शिक्षण उभं करण्याची कल्पना तशी फुलब्राइट यांच्याही आधीची. बॉक्सर बंडानंतर चीनवर जी जबर नुकसानभरपाई लादली गेली, तीत अमेरिकेचा हिस्सा तिच्या खऱ्या नुकसानीपेक्षा जास्त निघाला. १९०८ मध्ये हा जादा पैसा चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकवण्यासाठी वळवायचं ठरलं, आणि त्यांची पूर्वतयारी करून घेण्यासाठी १९११ मध्ये पेकिंगला शाळा निघाली. तीच आजची त्सिंगह्वा. पदार्थविज्ञानाचं १९५७ चं नोबेल मिळवणारे यांग चेन-निंग याच दंडाच्या पैशांवर शिकागोला गेले होते. फिनलंडची गोष्ट आणखी गमतीची. पहिल्या महायुद्धानंतरचं अमेरिकेचं कर्ज हा चिमुकला देश इमानेइतबारे फेडत राहिला, तेव्हा १९४९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठरवलं, की यापुढचे हप्ते फिनिश लोकांच्याच शिक्षणावर खर्चायचे. ऋणकोच्या प्रामाणिकपणावर धनकोने दिलेली शिष्यवृत्ती मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

फुलब्राइटचा पहिला करार झाला तोही चीनशीच, नोव्हेंबर १९४७ मध्ये. दोन वर्षांत तिथे क्रांती झाली आणि कारभार गुंडाळावा लागला. भारताची पाळी आली २ फेब्रुवारी १९५० ला. देश प्रजासत्ताक होऊन जेमतेम आठवडा उलटला होता. करारावर सह्या पंडित नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांच्या. योजना चालवायला दिल्लीत एक संस्था स्थापन झाली आणि तिच्या मंडळावर दोन्ही देशांची माणसं घेतली. पैसा एका देशाचा, निवड दोघांची. फुलब्राइट योजनेची सगळी वीण या एका कलमात आहे. नुसती वकिलातीने वाटलेली बिदागी असती तर ती पहिल्याच राजकीय वादळात उडून गेली असती.

या अडकलेल्या पैशाचा एक विलक्षण परिणाम होता. पैसा रुपयांत, म्हणजे तो चालणार फक्त भारतात. अमेरिकन प्राध्यापक पुण्यात येऊन राहिला तर त्याचं घरभाडं, खाणावळ, टांगा, पुस्तकं सगळं या रुपयांतून भागे. पण पुण्याचा विद्यार्थी अमेरिकेला निघाला, की त्या रुपयांतून त्याला फार तर बोटीचं तिकीट काढून मिळे. पलीकडच्या धक्क्यावर पाय ठेवल्यावर कॉफीच्या पेल्यालाही ते पैसे उपयोगाचे नव्हते. फी आणि राहण्याजेवणाचे डॉलर दुसरीकडून उभे करावे लागत. ती अडचण १९४८ च्या स्मिथ-मुंट कायद्याने थोडीफार सोडवली, बाकी विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांनी. त्या पिढीतली अनेक माणसं 'फुलब्राइटचं प्रवासभाडं मिळालं होतं' असं सांगतात, पूर्ण शिष्यवृत्तीचं बोलत नाहीत. त्याचं कारण हे.

आता गहू. १९५१ मध्ये भारतात धान्याची ओरड होती. अमेरिकन काँग्रेसने महिनोन्‌महिने घोळ घालून अखेर २० लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. त्या कायद्यात एक कलम घुसलं: व्याजातले ५० लाख डॉलरपर्यंतचे पैसे शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी. त्यातून भारतीय विद्यापीठांना पुस्तकं आणि प्रयोगशाळांची उपकरणं मिळाली, काही ग्रंथपाल आणि प्राध्यापक अमेरिकेला जाऊन आले. खाल्लेल्या पोळीच्या व्याजावर सूक्ष्मदर्शक, असा हा हिशेब.

पण हा नुसता शिधा होता, पंगत पुढे होती. जुलै १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पब्लिक लॉ ४८० वर सही केली. अमेरिकन शेतकऱ्यांच्या कोठारांत धान्य मावत नव्हतं. ते मित्रदेशांना त्यांच्याच चलनात विकायची ही सोय. भारताने पहिला करार केला ऑगस्ट १९५६ मध्ये. त्यापुढे दीड दशक बोटी येत राहिल्या, आणि दर बोटीमागे भारतातल्या अमेरिकेच्या खात्यात रुपये साठत राहिले. त्यांतला मोठा भाग भारत सरकारलाच विकासकामांसाठी कर्जाऊ दिला जाई, काही वकिलातीच्या खर्चाला जाई. तरी डोंगर वाढतच होता.

जाता जाता गाजर गवताबद्दल. ते पीएल-४८० च्या गव्हातून आलं, हे महाराष्ट्रात शाळकरी पोरगंही सांगतं. 'काँग्रेस गवत' हे नावही त्याला चिकटलं. पण पुण्यात वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस ते पडलं १९५५ च्या सुमारास, आणि करार झाला त्यानंतर. तारखा जुळत नाहीत. तरी गवताची गोष्ट घरोघर पोचली आणि पुस्तकांची नाही, कारण गवत अंगणात उगवतं.

पुस्तकांचं कलम या कायद्यात शिरलं १९५८ मध्ये. मिशिगनचे प्रतिनिधी जॉन डिंगेल यांनी दुरुस्ती सुचवली: या परकीय चलनाचा काही भाग लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या त्या देशातली पुस्तकं घेण्यासाठी वापरावा. एक वर्षाआधी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला होता. आपल्याला जग माहीत नाही, ही अमेरिकेची बोच ताजी होती. त्याच १९५८ सालच्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने आशियाई भाषांच्या वर्गांना सरकारी पैसा मिळू लागला. रशियन उपग्रहामुळे अमेरिकेत भारतीय भाषा शिकणाऱ्यांचे दिवस पालटले, ही इतिहासाची तऱ्हा पाहून मी अजूनही चकित होतो. अर्थात यात नुसती ज्ञानाची ओढ नव्हती. शीतयुद्धात कोणता देश काय वाचतो आणि काय बोलतो हे समजून घ्यायची गरज होती, आणि ती कुणी लपवलीही नाही.

१९६२ मध्ये दिल्लीत लायब्ररी ऑफ काँग्रेसचं खरेदी कार्यालय सुरू झालं. काम ऐकायला सोपं. भारतात जे जे मोलाचं छापलं जाईल ते विकत घ्यायचं. एकेका पुस्तकाच्या बऱ्याच प्रती घ्यायच्या. आणि त्या अमेरिकेतल्या निवडक ग्रंथालयांना पाठवायच्या. ग्रंथालयांनी नाममात्र वर्गणी भरायची, पुस्तकांचे पैसे गव्हाच्या खात्यातून. प्रत्यक्षात हे प्रचंड काम होतं. कादंबऱ्या, कविता, नियतकालिकं, विधिमंडळांची कागदपत्रं, जिल्ह्यांचे अहवाल, आणि तेही डझनभराहून अधिक भाषांत. प्रत्येक भाषेचे जाणकार नेमले. ते पुस्तक चाळत, नाव रोमन लिपीत लिप्यंतर करत, डोक्यावर रेघा आणि पायाशी टिंबं देऊन 'ळ' आणि 'ल' वेगळे ठेवत आणि सूचिपत्र तयार करत. दर महिन्याला नव्या आवकीची यादी छापून निघे. ठिसूळ कागदावरची वर्तमानपत्रं सूक्ष्मपटावर घेतली जात.

पलीकडे काय झालं असेल याची कल्पना करून पाहा. ज्या ग्रंथालयात काल-परवापर्यंत भारत म्हणजे संस्कृत आणि थोडं इंग्रजी, तिथे मराठी, कन्नड, उडिया, गुजराती पुस्तकांच्या पेट्या येऊन पडू लागल्या. कुठे वाचणारं माणूस नव्हतं, कुठे ठेवायला जागा नव्हती. ग्रंथपालांनी कुरकुर केली, काहींनी हा सगळा चांगल्या-वाईटाचा ढीग आहे असंही म्हटलं. माझ्या मते त्या योजनेचा मोठेपणा नेमका त्या ढिगात आहे. निवडून घेतलं असतं तर त्या काळच्या प्राध्यापकांना थोर वाटलेले शंभर लेखक गेले असते. सरसकट घेतल्यामुळे दोन-दोनशे प्रती निघालेल्या, इथे रद्दीत गेलेल्या पुस्तिकाही तिकडे उरल्या.

आणि माणसं? त्यांची वाट पुण्यावरून गेली. १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे संस्कृतचे प्राध्यापक डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज काढली. अनेक अमेरिकन विद्यापीठांनी मिळून भारतात ठेवलेलं हे एक घर. फोर्ड फाउंडेशनची मदत आणि पुढे हेच गव्हाचे रुपये, यांवर तिच्या पाठ्यवृत्त्या चालल्या. तिचं भारतातलं पहिलं मुख्यालय होतं येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात, आणि तिथला कारभार पाहत होते दिनकर धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव आणि इरावतीबाईंचे पती. रसायनशास्त्राचे हे प्राध्यापक पाच मराठी ब्राह्मण कुटुंबांच्या आठवणी इंग्रजीत आणून १९६३ मध्ये 'द न्यू ब्राह्मन्स' हे पुस्तक देऊन गेले.

डेक्कन कॉलेजाशीच आणखी एका माणसाचा धागा आहे. म्हैसूरचे, घरात तमिळ आणि अंगणात कन्नड बोलणारे ए. के. रामानुजन १९५८-५९ मध्ये तिथे भाषाशास्त्राचे फेलो होते. त्याआधी ते बेळगावात इंग्रजी शिकवत. १९५९ मध्ये ते फुलब्राइटवर इंडियाना विद्यापीठात गेले आणि तिथून शिकागोला. १९६२ मधल्या एका शनिवारी जुन्या तमिळचं सोपं व्याकरण शोधायला ते शिकागोच्या हार्पर ग्रंथालयाच्या तळघरात उतरले. हाती लागला १९३७ साली छापलेला संगमकालीन प्रेमकवितांचा संग्रह. तमिळ आईबापांच्या या मुलाला आपल्याच भाषेतलं दोन हजार वर्षांपूर्वीचं काव्य भेटलं ते असं, परक्या गावच्या तळघरात. १९६७ मध्ये त्यांची त्या कवितांची इंग्रजी भाषांतरं 'द इंटीरियर लँडस्केप' म्हणून आली आणि जगाला संगम साहित्य कळलं. ते पुस्तक गव्हाच्या पैशांतलं नव्हतं, पण माणूस मात्र ट्रकांच्या पैशांतून सुरू झालेल्या योजनेचा.

इकडून तिकडे गेलेल्यांइतकीच तिकडून इकडे आलेल्यांची गोष्ट मराठी वाचकाच्या जवळची. एलिनॉर झेलियट यांनी पेनसिल्व्हेनियात डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ यांवर १९६९ मध्ये प्रबंध पुरा केला. पुण्यामुंबईत हिंडून, माणसांना भेटून, मिळतील ती पत्रकं आणि वर्तमानपत्रं जमवून. तेव्हा आपल्याकडच्या विद्यापीठांत या विषयाला फारसं कुणी हात लावत नव्हतं. गेल ऑमव्हेट यांनी बर्कलीत पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर लिहिलं. ॲन फेल्डहाउस महानुभावांच्या पोथ्यांमागे लागल्या आणि शं. गो. तुळपुळ्यांबरोबर त्यांनी जुन्या मराठीचा कोश सिद्ध केला. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर प्रबंध केला आणि मराठी शिकणाऱ्यांसाठी कोश आणि पाठ्यपुस्तकं लिहिली. आज घरबसल्या मराठी शब्द शोधणारे आपण शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जातो. तिथे १८५७ च्या मोल्सवर्थशेजारी दाते-कर्व्यांचा शब्दकोश आहे, वझे आहेत, तुळपुळे-फेल्डहाउस आहेत आणि बर्नसनही.

रुपयांच्या डोंगराचं पुढे काय झालं? १९७१ च्या युद्धात दोन्ही देशांचं बिनसलं. अमेरिकन संशोधक म्हणजे हेर, अशी कुजबुज होती, व्हिसाला खोळंबा होऊ लागला. आणि परक्या सरकारच्या नावावर एवढा रुपया पडून असणं दिल्लीला सलत होतं. शेवटी अमेरिकेने त्यातला जवळजवळ दोन-तृतीयांश सोडून दिला. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी भारत सरकारच्या हाती १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश ठेवला. जगातला सर्वांत मोठा धनादेश म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. उरलेल्या रुपयांवर वकिलातीचा आणि देवाणघेवाणीचा गाडा पुढे काही वर्षं चालला. ते आटत गेले तशी ग्रंथालयं स्वतःच्या खिशातून डॉलर मोजू लागली. दिल्लीचं ते कार्यालय आजही मराठी पुस्तकं विकत घेतं.

फुलब्राइटचं भारतातलं खातंही बदललं. जुलै २००८ मध्ये नवा करार झाला आणि भारत सरकारही खर्चात भागीदार झालं, म्हणून पाठ्यवृत्तीला आता फुलब्राइट-नेहरू म्हणतात. मुंबईत तिचं कार्यालय आहे. संशोधक, शिक्षक, कलावंत कुणीही अर्ज करू शकतो. जगभरात या योजनेतून आजवर चार लाखांहून अधिक माणसं गेली-आली. चीनची शाखा मात्र १९७९ नंतर पुन्हा सुरू होऊन २०२० मध्ये परत बंद पडली.

या व्यवहारात एक अट आहे, तिची मला फार मौज वाटते. भारतातून फुलब्राइटवर गेलेल्या माणसाला जे-१ व्हिसा मिळतो. काम संपलं की त्याने मायदेशी परतून दोन वर्षं राहायचं, त्याआधी अमेरिकेत स्थायिक होण्याचा अर्ज करता येत नाही. शिकलेला माणूस परत जावा, तिथेच ओढला जाऊ नये, हा हेतू. उलट दिशेने येणाऱ्या अमेरिकन माणसावर असं कुठलंच बंधन कुणी घातलं नाही. इथे कोण राहतोय, असंच कायदा लिहिणाऱ्यांना वाटलं असणार. बर्नसन यांनी १९७८ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं आणि फलटणला शाळा काढली. ऑमव्हेट कासेगावच्या झाल्या, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिथेच वारल्या.